चाकू बनवायला पहिला बेल्ट ग्राइंडर: आधी पट्टा बघा, मग मशीन

नाशिकमध्ये चाकू बनवायचा नाद लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एचपीचं मशीन घेऊ?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, कारण दुकानात उभं असलेलं मशीन त्याला खपवायचं असतं. पण ग्राइंडर एकदाच घेतला जातो, पट्टे मात्र सतत लागतात. ज्या मापाचा पट्टा तुम्हाला सहज मिळणार नाही, त्या मापाचं मशीन कितीही दणकट असो, चार-सहा महिन्यांत कोपऱ्यात जातं आणि पावसाळ्यात घरचे त्यावर छत्र्या वाळत घालतात. म्हणून आधी पट्टा, मग वेग, आणि एचपी तिसऱ्या नंबरावर. हा लेखही त्याच क्रमाने जातो, फक्त सुरुवातीला दोन-तीन गोष्टी उरकून घेऊ.

त्याआधी कानस

पहिली दोन-तीन पाती कानशीने करावीत, या मताला मी चिकटून आहे. बारा इंची बास्टर्ड (मध्यम खरबरीत दात्यांची) कानस, एक जाडसर फळी, दोन सी-क्लॅम्प आणि एमरी पेपर एवढ्या सामानात भाजी चिरायचा छोटा चाकू नीट होतो. वेळ लागतो, खांदे भरून येतात, पण पात्याचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा ठेवणं म्हणजे काय, हे हाताला कळतं. ग्राइंडर ते शिकवत नाही. हात चुकत असेल तर तो चुकाही तितक्याच झपाट्याने करून देतो.

याच काळात तुम्ही नक्की काय बनवणार आहात तेही ठरवून टाका. आपल्या जिल्ह्यात गिऱ्हाइकाला तोटा नाही. द्राक्षबागायतदाराला कलमाचा चाकू लागतो, कांदा काढणीला पात कापायचे विळे लागतात, घरोघरी सुऱ्या आणि विळीची पाती लागतात. कलमाच्या चाकूचं पातं बोटाएवढं असतं, तर शेफच्या सुरीचं आठ इंच. छोट्या पात्याला छोटं मशीन पुरतं. आठ इंची पात्याला पट्ट्यासमोर हात मोकळे फिरायला जागा हवी.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर, तसंच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा सुरी, विळा, कोयता, कलमाचा चाकू यांतच राहा. मोबाइलवर कोणी "भाऊ, एक तलवार बनवून दे" म्हणून मागे लागला तर सरळ नाही म्हणा. आणि चाकू पोचवायला जाताना तो म्यानात, खोक्यात आणि बिलासकट न्या. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघालेला असला की उघडा चाकू घेऊन फिरणाऱ्याचं कोणी ऐकून घेत नाही.

मशीन बसणार कुठे, वीज कुठली

फ्लॅटमध्ये राहत असाल तर घरात ग्राइंडर आणू नका. आवाजावर शेजाऱ्याशी तडजोड होईल, पण लोखंडाच्या भुकटीवर कोणाशीच होत नाही. ती फरशीच्या फटींत, कुकरच्या शिट्टीत आणि पोराच्या दप्तरात जाते आणि ओल लागली की गंजून डाग पाडते. सिडकोतल्या रो-हाउसची मागची मोकळी जागा, गच्चीवरची पत्र्याची खोली, किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या माणसाच्या गाळ्यातला एक कोपरा, यांपैकी काहीतरी बघा. गाळ्यात मालकाची लेथ असेल तर तिच्यापासून लांब बसा. तुमची भुकटी त्याच्या लेथच्या बेडवर बसली तर आठवड्यात सामान बाहेर येईल.

दिंडोरी, निफाडकडचे काही जण म्हणतात, "मळ्यात थ्री फेज आहे, मग काळजी कशाची?" काळजी आहे. शेतीची थ्री फेज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. आणि ती जोडणी पंपासाठी दिलेली असते. तिच्यावर ग्राइंडर चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जातो. त्यामुळे पहिलं मशीन घरच्या सिंगल फेजवर चालेल असंच बघायचं. ते कसं, हे वेगाच्या भागात येतं. तोवर इलेक्ट्रिशियनला बोलावून १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी आणि चोख अर्थिंग करून घ्या. दोन एचपीच्या मशीनला एक्स्टेन्शन बोर्डवरून वीज देऊ नका.

पट्टा

चाकू बनवणाऱ्यांत जगभर चालणारं माप म्हणजे २ इंच बाय ७२ इंच, आपल्याकडे बोलताना ५० बाय १८३०. बाजारात दिसणारं सगळ्यात छोटं मशीन १ बाय ३० इंचाचं. दोन्ही पट्टे उलगडून शेजारी ठेवले तर मोठ्याचं क्षेत्रफळ छोट्याच्या जवळजवळ पाचपट भरतं. म्हणजे घासायला पाचपट माल. शिवाय लांब पट्टा एक फेरी मारून परत येईपर्यंत थोडा थंड झालेला असतो. पातं कमी तापतं आणि पट्टाही जास्त टिकतो.

१ बाय ३० वाईट नाही. धार लावायला, मुठीचा आकार काढायला, कलमाचा चाकू करायला ते चालतं. पण त्याची मोटर बहुधा अर्ध्या एचपीच्या आसपासची असते. ४ मिलिमीटर जाडीच्या पोलादाची सुरी उतरवायला बसलात तर जरा दाब दिला की मोटर हुंकार देऊन थांबते. ४ बाय ३६ चं, बाजूला तबकडी असलेलं मशीन सुतारकामासाठी असतं. त्याचा पाट, म्हणजे पट्ट्याला मागून टेकू देणारी सपाट पाटी, रुंद असतो, पण पात्याच्या मुठीकडच्या बाजूला जिथे उतार सुरू होतो तिथे पट्ट्याची कड नीट लागत नाही. दुकानदार "ऑल-इन-वन आहे" म्हणेल. असू दे.

पाइप पॉलिशसाठी बनवलेली देशी मशीनही पुष्कळ मिळतात. पुढे रबराचं मोठं चाक, मागे मोटर, सांगाडा भक्कम. पण त्यांच्या पट्ट्यांची मापं एकाची दुसऱ्याला जुळत नाहीत आणि चाकासमोर सपाट पाट बहुतेक नसतोच. चाकूला सपाट पाट हवाच, नाहीतर प्रत्येक उतार खोलगट निघतो.

आता सगळ्यात कामाची पायरी. मशीनच्या दुकानात जायच्या आधी अब्रेसिव्हच्या दुकानात जा. सातपूर-अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणारे इतके कारखाने आहेत की पट्टे विकणारे त्यांच्यामागे आपोआप आले. कारबोरंडम युनिव्हर्सल आणि ग्राइंडवेल नॉर्टन या आपल्या देशातल्या जुन्या कंपन्यांचा माल रोलमध्ये येतो आणि हव्या त्या लांबीला कापून, जोड मारून मिळतो. दोन-तीन दुकानांत एकच प्रश्न विचारा: "५० बाय १८३०, ६० नंबर, सिरॅमिक, पाच नग. कधी मिळतील आणि कमीत कमी किती घ्यावे लागतील?" (नंबर म्हणजे दाण्याचं माप, नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक; सिरॅमिक हा दाण्याचा प्रकार.) एका ठिकाणी "उद्या या" आणि दुसऱ्या ठिकाणी "पन्नास नगांखाली जोड मारत नाही" असं ऐकलंत की कुठल्या मापाचं मशीन घ्यायचं ते जवळजवळ ठरलंच. त्याच दुकानात दुसऱ्या मापाचा भावही विचारून ठेवा.

पट्टा हातात आला की जोड बघा. पट्टा उलटा करून अंगठा जोडावरून फिरवा. उंचवटा लागला तर तो पट्टा घेऊ नका. मशीन पूर्ण वेगात असताना तो जोड पाटावरून सेकंदाला दहा वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी पात्याला एक बारीक धक्का बसतो. त्याची टपटप कानाला ऐकू येते आणि उजेडात धरलं की पात्यावर आडव्या लाटा दिसतात. मागच्या बाजूला बाण छापलेला असेल तर पट्टा त्याच दिशेने फिरला पाहिजे, नाहीतर काही प्रकारचे जोड उकलतात.

वेग

पट्ट्याचा वेग काढायला शाळेतलं गणित पुरतं. मोटरवरच्या चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्याने टू-पोल मोटर साधारण २८०० फेरे फिरते आणि फोर-पोल १४४०. टू-पोलवर १२५ मिलिमीटरचं चाक लावलं तर पट्टा मिनिटाला ११०० मीटर, म्हणजे सेकंदाला १८ मीटर धावतो. कच्चं पोलाद उतरवायला हा वेग चांगला. पण पाणी पाजलेल्या, म्हणजे तापवून आणि बुडवून कडक केलेल्या पात्यावर, लाकडी मुठीवर किंवा बारीक नंबरच्या पट्ट्यावर हाच वेग घातक ठरतो, तिथे याच्या तिसऱ्या हिश्श्याने काम करायचं. त्यातून नवशिक्याचा हात. पहिले काही महिने वेग खाली ठेवून शिकणाऱ्याचं पोलाद वाया कमी जातं.

म्हणूनच माझा आग्रह असा की दोन एचपी एकाच वेगाची मोटर आणि एक एचपी कमी-जास्त वेगाची मोटर यांत निवड करायची वेळ आली तर दुसरी घ्या. वेग बदलायचा नीट रस्ता म्हणजे थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी, ज्याला कारखान्यात नुसतं ड्राइव्ह म्हणतात. घरची सिंगल फेज त्याच्या आत जाते, बाहेर थ्री फेज येते, आणि एका गोल बटणाने वेग खाली-वर होतो. पंख्याचा रेग्युलेटर लावून साध्या सिंगल फेज मोटरचा वेग कमी करायचा सल्ला कोणी ना कोणी देईल. मोटर जाळायची असेल तर करा.

इथे एक गोष्ट बारकाईने बघायची, कारण सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यात होतो. सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टच देतो. आपल्याकडच्या छोट्या थ्री फेज मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या येतात (स्टार आणि डेल्टा हे मोटरमधल्या तीन वाइंडिंग एकमेकींना जोडायचे दोन प्रकार). तशीच जोडली तर मोटर फिरते, पण तिच्यात जीव नसतो, बोट टेकवलं तरी दमते. नेमप्लेट वाचा: डेल्टाला २३० आणि स्टारला ४०० किंवा ४१५ असं लिहिलेलं हवं. मग टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा. आत सहा खुंट्या आणि तीन पितळी पट्ट्या असतात. पट्ट्या एका ओळीत आडव्या बसवल्या असतील तर स्टार, तीन जोड्यांवर उभ्या बसवल्या तर डेल्टा. आपल्याला डेल्टा हवा. बॉक्समध्ये तीनच वायरी दिसल्या तर स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये आहे. तो रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्यावा लागतो किंवा दुसरी मोटर बघावी लागते. हे काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, पण काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या.

ड्राइव्हच्या बाबतीत आणखी थोडं. बहुतेक ड्राइव्ह उघड्या जाळीचे असतात. लोखंडाची भुकटी आत गेली की एखाद्या दिवशी फट् असा आवाज येऊन खेळ संपतो. ड्राइव्ह ठिणग्यांच्या विरुद्ध बाजूला, भिंतीवर, झाकणबंद पेटीत बसवा. पेटी मोठी घ्या, कारण ड्राइव्ह गरम होतो. मशीन चालू-बंद ड्राइव्हच्या बटणानेच करायचं, मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये स्विच टाकायचा नाही. वीज बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात, त्यामुळे झाकणाला लगेच हात लावू नका.

एचपीचं आता दोन वाक्यांत होतं. ५० बाय १८३० ला एक एचपी शिकण्यापुरती बरी, दीड ते दोन एचपी आयुष्यभर पुरते. मोटर पूर्ण बंद अंगाची, म्हणजे टीईएफसी घ्या. उघड्या जाळीच्या मोटरीत भुकटी वाइंडिंगपर्यंत जाते. चाक करून घेताना शाफ्टचं माप लागेल, ते मोटरच्या फ्रेमवर, म्हणजे तिच्या अंगाच्या ठरावीक मापावर ठरतं: ८० फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट १९ मिलिमीटर, ९० फ्रेमचा २४.

विकत की करून

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. टर्नर, फिटर, वेल्डर, लेझर कटिंग सगळं दहा किलोमीटरच्या आत. ओळखीचा लेथवाला असेल तर करून घ्यायला हरकत नाही, पण स्वस्त पडेल या भरवशावर करू नका. चाकं, बेअरिंग, मोटर, ड्राइव्ह यांचा खर्च तोच राहतो. वाचते ती मजुरी, आणि जाते तुमची दोन-तीन महिन्यांची सुटी.

करून घेणार असाल तर तीन जागा सांभाळा. पहिली, चौकोनी पाइप. एका पाइपात दुसरा सरकून बसतो ही सगळ्यांची आवडती रचना. पण बाजारातल्या पाइपाच्या आतल्या बाजूला वेल्डची उभी शीर असते. कागदावर ५० च्या पाइपात ४० चा दांडा बसतो, हातात घेतला की त्या शिरेवर अडतो. ती लांब कानशीने आतून काढावी लागते. खूप काढली की दांडा डुगडुगतो आणि पाट पट्ट्याला तिरका होतो. दुसरी, वरचं चाक. पट्टा मध्यावर धरून ठेवतं ते हेच, आणि त्यासाठी ते कडेपेक्षा मधोमध अर्धा-एक मिलिमीटर फुगीर कातावं लागतं. सपाट कातून आणलेल्या चाकावर पट्टा कधीच ठरत नाही, मग माणूस स्क्रू फिरवत बसतो. लेथवाल्याला चित्र काढून द्या, नुसतं "थोडं गोल कर" म्हणू नका. तिसरी, बेअरिंग. झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग, टूआरएस म्हणजे रबराच्या. इथे टूआरएस. पैशाचा फरक किरकोळ, भुकटीपासूनचा बचाव मोठा.

जुनं मशीन मिळत असेल तर सांगाडा आणि मोटर यांचाच भाव धरा. बाकी सगळं बदलावं लागेल असं समजून बोला.

दुकानात उभं राहून

तयार मशीन घ्यायला जाताना पिशवीत तीन वस्तू न्या: आपला पट्टा, एक फूटभर एमएसची, म्हणजे साध्या मऊ पोलादाची पट्टी आणि सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणजे स्केल. विक्रेत्याचा पट्टा मशीनला आधीच जुळवलेला असतो, म्हणून आपला लावायचा.

वीज लावायच्या आधी प्रत्येक चाक हाताने फिरवा आणि त्याच्याजवळ पेन्सिलीचं टोक स्थिर धरा. टोक आणि चाक यांतली फट कमी-जास्त होत असेल तर चाक लचकतंय. मग पाटावर स्केल उभी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. प्रकाश खालून सारखा आला किंवा अजिबात आला नाही तर ठीक. मध्येच चंद्रकोर दिसली तर पाट खोलगट आहे. नुसत्या मऊ लोखंडाचा पाट पट्टा हळूहळू खातोच, तेव्हा त्यावर कडक पट्टी बसवून ती बदलायची सोय आहे का विचारा.

आता चालू करा. पट्टा वरच्या स्क्रूने डावीकडे-उजवीकडे हलतो का, सोडला की जागेवर राहतो का बघा. एमएसची पट्टी चांगला जोर देऊन टेकवा. पट्टा सरकून बाहेर जायला बघतो का? मोटर थांबते, की पट्टा चाकावर घसरतो? घसरत असेल तर पट्टा ताणणारी स्प्रिंग कमी पडते. टेबलावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि त्यातला थरथराट बघा. वेग अगदी खाली आणा, तेव्हाही मोटर एकसारखी फिरली पाहिजे. हे सगळं पंधरा-वीस मिनिटं चालवून मोटर आणि बेअरिंगांच्या जागांना हात लावा. विक्रेता घाईला आला तर तेही एक उत्तरच आहे. पाटापुढचा टेका पट्ट्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणता येतो का, हेही बघून घ्या. जास्त फट राहिली तर छोटं पातं तिच्यात ओढलं जातं.

पैशांचं म्हणाल तर हातात असलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात मशीन बसवा. त्या तिसऱ्या हिश्श्यात पट्टे, मास्क, चष्मा, वायरिंग आणि थोडं पोलाद येतं. सगळी रक्कम मशीनवर घालून मग दोनच पट्ट्यांवर महिना काढणारे लोक मी पाहिले आहेत. बोथट पट्टा पोलाद कापत नाही, नुसतं तापवतो, आणि ते नवं मशीन बघता बघता बदनाम होतं.

पहिल्या खरेदीला ६० नंबरचे सिरॅमिक पाच, १२० आणि २४० चे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पाच-पाच, आणि ४०० चे दोन-तीन एवढं पुरे. सिरॅमिक महाग असतो, पण त्याचे दाणे दाबाखाली तुटून नवी धार काढत राहतात. त्याला घाबरत घाबरत हलकं टेकवलं तर दाणे तुटत नाहीत, नुसते गुळगुळीत होतात आणि माणूस म्हणतो पट्टा फसवा निघाला.

भुकटी, ठिणग्या, कपडे

रुमाल बांधून ग्राइंडरवर बसणारे कारागीर आपण सगळीकडे बघतो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचा खोकलाही ऐका. रुमाल मोठे कण अडवतो. फुप्फुसात खोल जाणारी बारीक भुकटी त्यातून सरळ पार होते. रबराचा अर्धा मास्क आणि त्याला पी-१०० किंवा पी-३ दर्जाची फिल्टरं घ्या. ते जमेपर्यंत निदान एन-९५. दाढीवर मास्क चिकटत नाही, हे दाढीवाल्यांनी मनावर घ्यावं. काम थांबल्यावरही बारीक भुकटी हवेत बराच वेळ तरंगते, म्हणून मशीन बंद झालं म्हणून मास्क लगेच उतरवू नका.

पाटाखाली पाण्याची बादली ठेवा. ठिणग्या तिच्यात पडतात आणि पातं बुचकळायलाही ती लागतेच. लाकडाचा भुसा आणि लोखंडाच्या ठिणग्या एका जागी साठू देऊ नका. ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसत राहते आणि तुम्ही घरी जाऊन जेवायला बसल्यावर पेट घेते. मुठीचं काम करायच्या आधी मशीनखालची जागा पूर्ण झाडा. ॲल्युमिनियम तर पोलादाच्या मशीनवर घासूच नका, त्याची भुकटी आणि पोलादाची ठिणगी यांचं वैर आहे, एकत्र आली की भडका उडू शकतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर पोलाद घासताना लावला तर ठिणगी सरळ त्याच्या पिशवीत जाते. शिसमाच्या भुश्याने बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. त्या दिवशी बाह्या पूर्ण घ्या.

कपडे सुती. नायलॉनची ट्रॅकपँट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, हातातला दोरा, अंगठी, सगळं काढून किंवा खोचून. विणलेले हातमोजे नकोत, पट्ट्याने एक धागा पकडला की हात आत जातो. पायात चप्पल नाही, बूट. डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर पूर्ण तोंडाची काच. घरात लहान मुलं असतील तर काम संपलं की प्लग काढून ठेवा.

पहिला आठवडा

चांगलं पोलाद लगेच काढू नका. एमएसची २५ बाय ५ ची पट्टी आणा आणि तिचे फूट-फूटभर तुकडे करा. कडेवर मार्करची शाई लावा. पट्टीच्या जाडीइतक्याच व्यासाचं ड्रिल बिट घ्या, पट्टी आणि बिट सपाट काचेवर ठेवा आणि बिटाचं टोक कडेवरून ओढा. बरोबर मधोमध रेघ पडते. पट्टी उलटून परत ओढा. दोन रेघा वेगळ्या आल्या तर त्यांच्या मधली जागा म्हणजे धारेची जाडी. घासताना या रेघांपर्यंतच यायचं.

कोपर बरगड्यांना टेकवून उभे राहा आणि हात न हलवता कंबरेतून, गुडघ्यातून सरका. कड वर, पट्टा खाली जाणारा. टोक पट्ट्यात कधीही घुसेल असं धरायचं नाही. एका बाजूला दोन फेऱ्या, मग दुसऱ्या बाजूला दोन. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळलात तर पातं वाकतं आणि दोन्ही उतार कधीच जुळत नाहीत. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू नेहमीच वाईट येते, तिच्यावर जास्त सराव करा. पाच-सहा पट्ट्या अशा संपवल्या की मग पोलाद घ्या. ईएन-४५ (स्प्रिंगचं पोलाद) किंवा ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) ची नवी पट्टी घ्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि त्या नेमक्या पाणी पाजताना उघडतात.

पाणी पाजायच्या आधी धारेची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास सोडा. त्याहून पातळ कड तापवून बुडवली की वाकते किंवा तडकते. उरलेलं काम नंतर, आणि तिथे वेग अगदी खाली, पट्टा नवा, हात उघडे. उघडे यासाठी की बोटाला चटका बसायच्या आधी पातं बादलीत गेलं पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर बुडवा, अगदी गरम वाटलं नाही तरी. पाणी पाजून झाल्यावर पातं साधारण २०० अंशांवर भाजून मऊ केलेलं असतं. घासताना एखादी जागा त्याच्या बरीच वर गेली की तिथे आधी गवती पिवळा आणि ३०० अंशांच्या जवळ निळा रंग चढतो. निळं दिसलं की तिथलं पाणी उतरलं. तो रंग एमरीने पुसला की दिसेनासा होतो, पण कडकपणा परत येत नाही. निळा डाग नुसत्या कडेवर असेल तर तेवढी कड हळू वेगात घासून मागे आणा. आत गेला असेल तर पातं पुन्हा भट्टीत.

काम झालं की पट्टा सैल करून काढा. ओलसर हवेत ताणून ठेवलेला पट्टा बाक धरतो आणि चिकटपट्टीचा जोड सुटतो. खिळ्याला टांगू नका, तिथे घडी पडते. चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा भिंतीला ठोकून त्यावर लटकवा, आणि प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूने नंबर आणि पहिल्यांदा लावल्याची तारीख लिहा. अर्धवट झिजलेला १२० नंबर मुठीच्या लाकडाला नव्यापेक्षा चांगला चालतो, तेव्हा तो टाकू नका.